बाईंनी सांगितलेला खांब

तिसऱ्या दिवशी सकाळी कप्तानाने बसमधला माइक हातात घेतला आणि पुन्हा तेच केलं.

"मंडळी, पाचव्या रांगेत खिडकीशी बसल्यात ना, त्या माझ्या शाळेतल्या बाई. मी आज तुमच्यापुढे उभा आहे तो त्यांच्यामुळे."

बसभर माना वळल्या. मागच्या बाजूने दोन-चार टाळ्याही पडल्या. बाईंनी लाजून खिडकीबाहेर बघितलं, पण बाहेर नुसता पेट्रोल पंप होता, आणि पेट्रोल पंपाकडे माणूस किती वेळ कौतुकाने बघणार? शेवटी त्यांनी मान वळवून सगळ्यांना एकदाचा नमस्कार केला.

कप्तान हे काही त्याचं नाव नव्हे. तो पर्यटन कंपनीचा सहलप्रमुख. डोक्यावर टोपी, हातात पिवळं निशाण, गळ्यात शिट्टी अशा थाटात तो विमानतळावर अवतरला तेव्हा कुणीतरी त्याला कप्तान म्हटलं आणि ते चिकटलं. वय शेहेचाळीस, पोट थोडं सुटलेलं, केस मागे हटलेले. बाईंच्या लेखी मात्र तो अजून नववी 'ब'मधला, तिसऱ्या बाकावरचा. सहलीच्या यादीत बाईंचं नाव दिसल्याबरोबर त्याने स्वतः फोन केला होता, आणि तेव्हापासून त्यांची बॅग उचलण्यापासून त्यांच्या चहात साखर कमी आहे ना हे बघण्यापर्यंत सगळं तो जातीने करत होता.

"अजून एकदा ओळख करून दिली तर मी तुमची सही मागणार आहे हं, वहिनी," शेजारी बसलेल्या वन्सं कुजबुजल्या.

वन्सं म्हणजे बाईंची नणंद. अडतीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या, त्यामुळे कुणाच्या दुखण्याला त्या घाबरत नसत आणि कुणाच्या मोठेपणालाही नाही. बाई हसल्या. पण खरं सांगायचं तर त्यांना हे सगळं आवडत होतं, चांगलंच आवडत होतं. एकतीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला आणि एवढ्या वर्षांत एकही विद्यार्थी परत येऊन "बाई, तुमच्यामुळे" असं म्हणाला नव्हता. डॉक्टर झालेल्यांना विज्ञानाचे सर आठवायचे, इंजिनिअर झालेल्यांना गणिताचे. इतिहासाच्या बाईंना रस्त्यात नमस्कार मिळायचा, तोही घाईतला. सत्तरीला पोहोचल्यावर का होईना, कुणीतरी भेटलं होतं.

बस गावाबाहेर पडली तसा कप्तान माइक ठेवून मागे आला आणि त्यांच्या आसनाला टेकून उभा राहिला.

"बाई, उद्या आपला खांब."

"कुठला खांब?"

"चेष्टा करता का बाई? आपला खांब! अर्धा कोरलेला!"

बाईंनी मान डोलावली. त्यांना काहीही आठवत नव्हतं. पण वर्गात अशी मान डोलावायची त्यांना जन्माची सवय, त्यामुळे ते खपून गेलं.

"दहा वर्षं झाली बाई मला या मार्गावर. बाकी सगळीकडे गाइड बोलतो आणि मी आपल्या भाषेत सांगतो. पण त्या खांबापाशी गाइडला मी सुट्टी देतो. सांगतो, जा, चहा पिऊन ये. तिथे मीच बोलतो. तुम्ही सांगितलेली गोष्ट, तुमच्याच शब्दांत. बापाची छिन्नी जिथे थांबली तिथून माझी सुरू होणार नाही."

हे शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि बाईंना एकदम सगळं आठवलं.

जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. पोरं पेंगत होती. धड्यात या परदेशी अवशेषांवर सगळा मिळून दीड परिच्छेद होता, आणि एक चित्र. छपाई इतकी दिव्य की खांब आहेत की उसाचा फड हे कळू नये. त्यातला एक खांब खाली नक्षीचा आणि वर कोरा दिसत होता. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हा खांब अर्धाच का?" त्या मुलाचा बाप महिन्यापूर्वी वारला होता, आणि त्या महिन्यात त्याने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. पुस्तकात उत्तर नव्हतं. बाईंना उत्तर माहीत नव्हतं. 'माहीत नाही' एवढे दोन शब्द त्या वेळी काही केल्या तोंडातून निघेनात.

मग त्यांनी एक पुडी सोडून दिली. तिथे म्हणे बाप आणि मुलगा असे दोन कारागीर होते. बाप खांब कोरता कोरता गेला. राजा मुलाला म्हणाला, खांब पुरा कर. मुलगा बापापेक्षा सरस कारागीर, पण तो म्हणाला, महाराज, बापाची छिन्नी जिथे थांबली तिथून माझी सुरू होणार नाही, मला नवा दगड द्या. शेजारचा सगळ्यात देखणा खांब दिसतो ना, तो त्या मुलाचा. वर्ग चिडीचूप झाला होता. तिसऱ्या बाकावरचा मुलगा बसायचंच विसरला होता.

"आणि बाई, मी नुसती सांगत नाही हं गोष्ट," कप्तान म्हणाला. "मी पाळली आहे."

"पाळली म्हणजे?"

"आमचे बाबा गवंडी होते, तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्यांची घरं बांधायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या घरावर वरची खोली. एकट्याने. भिंती कमरेएवढ्या झाल्या आणि ते गेले. धाकटा भाऊ अजून तिथेच असतो. पुढच्या खोलीत त्याचं पंखे दुरुस्तीचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. तीनदा म्हणाला मला, दादा, वरची खोली पुरी करू या, पोरींना अभ्यासाला जागा नाही. मी म्हटलं, बाबांची थापी जिथे थांबली तिथून पुढे आपण लावायची नाही. दुसरीकडे काय हवं ते बांध."

"मग बांधलं का त्याने दुसरीकडे?"

"जागा कुठाय बाई? एवढंसं तर घर." कप्तान अभिमानाने हसला. "पण माझ्या शब्दाबाहेर नाही तो. उलटून एक अक्षर बोलला नाही कधी."

"आणि पोरी?"

"जिन्याखाली चटई टाकून अभ्यास करायच्या. शिकल्या तशाच. थोरली लग्न होऊन गेली, धाकटी वसतिगृहात असते."

पुढे कुणीतरी बस थांबवायला सांगितली म्हणून तो लगबगीने गेला. बाहेर डोंगर सुरू झाले होते आणि सगळी बस "किती सुंदर, किती सुंदर" म्हणत मोबाइल काचेला लावून बसली होती. बाईंना दिसत होता एक जिना, आणि त्याच्याखाली मान वाकवून वही लिहिणाऱ्या दोन मुली.

दुपारी हॉटेलच्या खोलीत वन्सं पाय वर करून पलंगावर पडल्या होत्या. बाई दोन पलंगांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत येरझाऱ्या घालत होत्या.

"बसा हो वहिनी. गालिचा झिजेल, ते लोक आपल्याला दंड लावतील."

बाईंनी मग खांबाची गोष्ट सांगितली. ती आपण रचली हेही सांगितलं. वन्संना त्यात काही विशेष वाटलं नाही. "इतिहासाचे मास्तर थापा मारतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "लोकांना ऐकायला आवडतंय, त्याला सांगायला आवडतंय. कुणाचं काय बिघडलं?"

मग बाईंनी वरच्या खोलीचं सांगितलं. वन्सं उठून बसल्या.

"वहिनी, आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चुकीचं औषध दिलं गेलंय असं लक्षात आलं की आधी डॉक्टरला जाऊन सांगायचं. रडायचं असेल तर ते नंतर."

"तो मला किती मानतो, वन्सं."

"म्हणून तर तुमचे पाय अडलेत." वन्संनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज जरा उतरला. "मला कळतं हो. पण तुम्ही सांगितलं नाहीत, तर त्याला दुसरं कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी सांगून टाकायचं असं बाईंनी ठरवलं. पण नाश्त्याला कप्तानाच्या भोवती गराडा होता. एकाच्या खोलीत गरम पाणी आलं नव्हतं, एकीची गोळ्यांची पिशवी सापडत नव्हती, आणि एक आजोबा आपला पासपोर्ट हरवला म्हणून घाबरेघुबरे झाले होते. तो त्यांच्याच खिशात होता. बसमध्ये सांगू म्हटलं, तर कप्तान पूर्ण वेळ पुढे ड्रायव्हरशी वाद घालत होता. एकतीस वर्षं पोरांना "जे बोलायचं ते वेळच्या वेळी बोलावं" असं बजावणाऱ्या बाई खिडकीशी गप्प बसून राहिल्या.

अवशेष गावापासून थोडे उंचावर होते. तिकीट खिडकी, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या विकणारे, मग एक लांबलचक चढ आणि त्याच्या टोकाला मोठं फाटक. आत शिरल्यावर प्रशस्त दगडी चौक. यंदाची गाइड नवीन होती, एक चष्मेवाली तरुण मुलगी. तिने सगळ्यांना एका भिंतीपाशी उभं केलं. भिंतभर वेलबुट्टी, हरणं, मिरवणुकीतली माणसं. मध्येच एक हातभर चौकोन मात्र अगदी सपाट. त्या चौकोनावर बोट ठेवून मुलगी भराभर काही बोलली आणि कप्तानाने ते तिच्या मागोमाग आपल्या भाषेत सांगितलं.

"इथला जुना दगड पडून गेला होता, मंडळी. शंभर वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली तेव्हा नवीन दगड बसवला. पण त्यावर नक्षी कोरली नाही. का? तर जुनं कुठलं आणि आपण घातलेलं कुठलं, हे बघणाऱ्याला कळायला हवं. या सगळ्या परिसरात जिथे कोरा दगड दिसेल, तिथे तो नवा आहे असं समजायचं."

असं म्हणून कप्तान पुढे निघाला. बाई तिथेच थांबल्या. दहा वर्षं हा माणूस हे वाक्य स्वतःच्या तोंडाने सांगतोय आणि दहा मिनिटांनी त्या खांबापाशी जाऊन उभा राहतोय! त्यांना हसावं की रडावं कळेना. त्या चौकोनाला त्यांनी हात लावून बघितला. दुरुस्ती करणारे लोक त्यांच्यापेक्षा भले होते. आपलं कुठलं ते त्यांनी झाकलं नव्हतं.

खांबांचं दालन चौकाच्या पलीकडे होतं. छप्पर बरंचसं पडलेलं, वर आभाळ, आणि दोन्ही बाजूंना कोरीव खांबांच्या रांगा. कप्तानाने गाइडला नेहमीप्रमाणे चहाला पाठवलं, शिट्टी वाजवून सगळ्यांना गोल केलं आणि निशाण भिंतीला टेकवून ठेवलं. तो खांब उजवीकडून चौथा होता. छातीपर्यंत नाजूक जाळी, पानं, फुलं, आणि तिथून वर टोकापर्यंत कोरा.

"आज माझं भाग्य बघा," कप्तान म्हणाला. "ही गोष्ट मला ज्यांनी सांगितली त्याच आज इथे आहेत. बाई, या पुढे. आज तुम्हीच सांगा."

सगळे बाजूला सरले. पस्तीस माणसं, दहा वर्षांची त्याची अब्रू, आणि मध्ये आपण. इथे सांगितलं तर याची शोभा होईल. नाही सांगितलं तर आपण दुसऱ्यांदा तेच करू.

"घसा बसलाय रे," त्या कशाबशा म्हणाल्या. "तूच सांग."

वन्संनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की बाईंनी मान खाली घातली.

कप्तानाने गोष्ट सांगितली. आणि काय सांगितली! बाईंच्या पाच मिनिटांच्या गोष्टीला दहा वर्षांत पानं-फुलं फुटली होती. बापाचा खोकला आला होता, मुलाचे रक्ताळलेले हात आले होते, राजाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझी सुरू होणार नाही" या वाक्याशी त्याचा स्वतःचा आवाज कापला, आणि तो काही नाटकात कापतो तसा कापला नव्हता. गरम पाण्यासाठी भांडणारे गृहस्थ नाक पुसत होते. पासपोर्टवाले आजोबा खांबाला हात लावून उभे होते. आपण सांगितलेलं खोटं बाईंनी आज प्रथमच ऐकणाऱ्याच्या जागी उभं राहून ऐकलं, आणि ते इतकं चांगलं होतं की त्यांना धडकीच भरली.

त्यानंतर पाऊण तास मोकळा वेळ होता. माणसं फोटोंसाठी पांगली. कप्तान एका पडलेल्या दगडी ओट्यावर बसून पाणी पीत होता. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि बसता बसताच बोलल्या, कारण बसल्यावर धीर होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"ती गोष्ट मी रचली होती."

कप्तान हसला. "म्हणजे?"

"म्हणजे खोटी आहे ती. पुस्तकात नुसतं चित्र होतं."

"राजा?"

"राजा मीच आणला."

"आणि तो मुलगा?"

"मुलगाही नव्हता रे. बाप नव्हता, मुलगा नव्हता. वरचा दगड मागाहून बसवलेला असणार. चौकात तूच तर सांगितलंस मघाशी."

कप्तान उठला. बाटलीचं झाकण न लावताच तो खांबापाशी गेला, त्याने नक्षी संपते तिथे बोट फिरवलं, मग नखाने खरवडलं. खांबाला वळसा घालून पलीकडूनही बघितलं. बराच वेळ तो तिथे होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"जोड आहे," तो म्हणाला. "चुन्याचा जोड, सरळ सरळ दिसतोय. गवंड्याचा पोरगा मी, बाई. दहा वर्षं त्याला टेकून उभा राहतोय आणि मला तो दिसला नाही."

तो पुन्हा ओट्यावर बसला.

"मला का सांगितलीत?"

"तू विचारलंस म्हणून. बाप गेल्यापासून तू वर्गात पहिल्यांदा बोलला होतास." बाई थांबल्या. "हे सगळं तुझ्यासाठी केलं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण निम्मं माझ्यासाठीच होतं. बाईंना उत्तर येत नाही, हे पोरांना दिसायला नको होतं मला."

"माझ्या भावाच्या पोरी जिन्याखाली वाढल्या, बाई."

"हो."

"हो काय? आई शेवटी आजारी होती तेव्हा तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं. चौघं जण पुढे दुकानात निजायचे, पंख्यांच्या सांगाड्यांमध्ये. मी जायचो तेव्हा बघायचो आणि मला काय वाटायचं माहितीये? आपण बाबांसाठी केवढी मोठी गोष्ट करतोय असं वाटायचं!" त्याचा आवाज चढला होता. लांब उभी असलेली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. "मी केलं काहीच नाही. ते सगळं त्यानेच सोसलं."

बाईंना वाटलं, आता हा उठून जाईल आणि उरलेले पाच दिवस आपल्याशी बोलणार नाही. तसं झालं तर ते बरोबरच होईल. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पण कप्तानाने खिशातून फोन काढला. तिकडे या वेळी संध्याकाळ असणार. दिवसभर त्याच्या कानाला फोन असायचा, त्यामुळे कानाला उबग येऊन तो नेहमी स्पीकर लावूनच बोलायचा. आताही त्याने तसंच केलं.

"दादा?" भावाचा आवाज आला. "बरा आहेस ना? सहलीवर असताना फोन कसा?"

"वरची खोली बांधून घे."

"कुठली?"

"आपली वरची. भिंती पुऱ्या कर, वर छत घाल. मी सांगतोय."

भाऊ हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, डॉक्टरकडे गेला होतास का? काय सांगितलं त्यांनी? माझ्यापासून लपवू नकोस."

कप्तानाने फोन बाईंच्या पुढे धरला. "तुम्ही सांगा. तुमचंच आहे हे."

बाईंनी फोन हातात घेतला. "मी शाळेतली इतिहासाची बाई बोलतेय. तुझ्या दादाबरोबर सहलीला आले आहे."

तिकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. पंखे दुरुस्त करणारा चव्वेचाळीस वर्षांचा माणूस आपल्या दुकानात उठून उभा राहिला होता. "नमस्कार, बाई."

"बस, बस बाबा. तुझा दादा ठणठणीत आहे. एक चूक झाली आहे, ती माझी आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. खांब, चित्र, राजा, बाप, मुलगा. काही हातचं राखलं नाही. "माझ्या त्या गोष्टीपायी तुझी खोली राहिली. मला माफ कर असं म्हणायचंही मला तोंड नाही."

"बाई, एक विचारू?" भाऊ म्हणाला.

"विचार."

"आमच्या वर्गालाही तुम्ही ती गोष्ट सांगितली होती. दादाच्या दोन वर्षं मागचा वर्ग आमचा. पण आमच्या गोष्टीत पोराने खांब पुरा केला होता."

"काय?"

"बापाचा खांब अर्ध्यावर राहिला, तर पोराने वर साधा दगड चढवला आणि छप्पर उभं केलं. आम्ही कुणीच गृहपाठ केला नव्हता त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, त्या पोराने बापाचं राहिलेलं काम पुरं केलं आणि तुम्हाला चार ओळी पुऱ्या करता येत नाहीत? सगळ्या वर्गाला उभं केलं होतं तुम्ही."

बाईंना यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. पण खोटं वाटावं असंही काही नव्हतं त्यात. गृहपाठ न करणाऱ्या वर्गाला त्यांनी अगदी हेच ऐकवलं असतं.

कप्तान फोनकडे वाकला. "तू मला कधी बोलला नाहीस हे."

"एकदा बोलणार होतो. थोरली दहावीला होती तेव्हा." भाऊ अडखळला. "मग म्हटलं, आपण मागच्या बाकावर बसणारे, आपल्याच लक्षात चुकीचं राहिलं असेल. आणि तू सांगताना तुझा चेहरा असा व्हायचा, दादा, की वाटायचं राहू दे. तुला गोष्ट लागत होती, मला काय, नुसती खोलीच लागत होती."

कप्तानाने टोपी काढली आणि तोंडावर धरली. त्याचे खांदे हलत होते. बाईंना त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण तेवढा हक्क आपल्याला उरलाय की नाही हे त्यांना कळेना. फोन दोन्ही हातांत धरून त्या तशाच बसून राहिल्या. खांबांपलीकडून वन्सं त्यांच्याकडे बघत होत्या. तिकडे येणाऱ्या दोन बायकांना त्यांनी दंडाला धरून काहीतरी दाखवायला दुसरीकडे नेलं.

"दादा, आहेस ना?" फोनमधून आवाज आला. "अरे, आता तशी गरजही नाही खोलीची. पोरी गेल्या, आम्ही दोघंच तर आहोत. पण तू म्हणतोस तर बांधू. तू येऊन राहशील तरी."

कप्तानाने डोळे पुसले आणि बाईंच्या हातातून फोन घेतला.

"येतो," तो म्हणाला. "ही सहल संपली की घरी न जाता सरळ तिकडेच येतो. आपण दोघांनी मिळून लावू विटा. तू सुरू करू नकोस हं, मी येईपर्यंत थांब."

पलीकडे भाऊ हसला. हसताना त्याचा आवाज भरून आला होता.

"म्हणजे परत थांबू, दादा?"

कप्तानाने बाईंकडे बघितलं. बाईंनी काहीही सांगितलं नाही.

"नको," कप्तान म्हणाला. "नको थांबूस. उद्याच सुरू कर."